मुंबईतल्या एका रात्रीची चित्रफीत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. तेव्हापासून ‘जागतिक दौऱ्यांच्या नकाशावर मुंबई आता कुठे आली’ हे वाक्य मी अनेक ठिकाणी वाचले आणि लोकांच्या तोंडूनही ऐकले. त्या कार्यक्रमांविषयी माझी काहीही तक्रार नाही, परंतु हे वाक्य खरे नाही आणि ते खरे नसल्याचा पुरावा कोणालाही घरबसल्या पाहता येईल असा आहे. १ फेब्रुवारी २००८ रोजी इंग्लंडच्या ‘आयर्न मेडन’ या हेवी मेटल (दणदणीत रॉक संगीत) बँडने आपल्या जागतिक दौऱ्याचा नारळ मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर फोडला. त्या दौऱ्याच्या पहिल्या टप्प्यावर सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन या कॅनडातल्या दिग्दर्शकांनी केलेला ‘फ्लाइट ६६६’ हा माहितीपट २००९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या डीव्हीडी संचात दुसरी तबकडी आहे ती निव्वळ कार्यक्रमांची, आणि त्या तबकडीवरचे पहिले गाणे मुंबईत चित्रित झालेले आहे. या चित्रफितीविषयी आणि तिच्या निमित्ताने आपण आपल्या मैफलींच्या चित्रफितींशी जसे वागतो त्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

मी गेली सत्तावीस वर्षे डोंबिवलीत व्हिडिओ चित्रीकरण आणि संकलनाचा व्यवसाय करतो. लग्न, मुंज, एकसष्टी, शाळांची स्नेहसंमेलने, दिवाळी पहाट आणि नाट्यसंगीताच्या मैफली हे माझे रोजचे काम, आणि हेवी मेटल हे शाळकरी वयापासूनचे प्रेम. आमच्या पिढीने आयर्न मेडन आधी पाहिला तो चित्रफितीतच. मार्च १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरिनात चित्रित झालेल्या ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ची व्हीएचएस कॅसेट नव्वदच्या दशकात आमच्या गटात हातोहात फिरत असे. ती मूळ कॅसेटच्या कॉपीची कॉपी होती. रंग उडालेले, चित्राच्या तळाशी पांढऱ्या रेषा थरथरत असलेल्या, आणि मंचामागचा इजिप्शियन धर्तीचा भव्य देखावा त्या रेषांच्या आडून जेवढा दिसेल तेवढा. इंग्लंडचा एक बँड परदेश दौऱ्यावर अमेरिकेत वाजवतो आहे आणि ते डोंबिवलीतल्या एका चाळीच्या खोलीत सात-आठ मुले श्वास रोखून पाहत आहेत, एवढे सामर्थ्य त्या खराब झालेल्या फितीतही होते. २००८ चा दौरा याच ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा आणि त्याच इजिप्शियन देखाव्याचा नवा अवतार होता, म्हणून त्या संध्याकाळी कुर्ला स्थानकात उतरून मैदानाकडे चालत जाताना आम्हा तिघा मित्रांच्या मनात नेमके काय चालले होते हे वाचकांना सांगायची गरज नाही.

मुंबई या दौऱ्यात आली कशी, हेही समजून घेण्यासारखे आहे. एवढ्या मोठ्या बँडचे सामान साधारणपणे ट्रकने किंवा जहाजाने पुढे धाडले जाते आणि कलाकार वेगळे प्रवास करतात. युरोपात किंवा अमेरिकेत ट्रक रातोरात दुसऱ्या शहरात पोहोचतात, त्यामुळे तिथले दौरे परवडतात. मुंबई, पर्थ, बोगोटा, सान होसे ही जगाच्या दूरदूरच्या कोपऱ्यांतली शहरे एका दमात करायची म्हटली की हिशेब बसत नाही आणि मग अशी शहरे दौऱ्यातून गळतात. आयर्न मेडनने यावर तोडगा काढला तो असा, की एक बोइंग ७५७ विमान घेऊन त्याच्या मागच्या भागातल्या खुर्च्या काढल्या, तिथे सुमारे १२ टन सामानाची सोय केली आणि बँड, तंत्रज्ञ व वाद्ये एकाच विमानातून नेली. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन हा तेव्हा एका विमान कंपनीत वैमानिक म्हणून काम करत होता आणि या विमानाच्या चालककक्षात तोच बसत असे. मुंबईहून पर्थ, मग ऑस्ट्रेलियातली इतर शहरे, जपान, लॉस एंजेलिस, मेक्सिको, कोस्टारिका, कोलंबिया, ब्राझील, अर्जेंटिना, चिली, पोर्टो रिको, न्यू जर्सी आणि १६ मार्चला टोरांटो, असे ४५ दिवसांत २३ कार्यक्रम झाले. माहितीपट या विमानाच्या कौतुकात गरजेपेक्षा अधिक रमतो असे माझे प्रामाणिक मत आहे. परंतु ते विमान नसते तर मुंबईही नसती, हे ध्यानात घेतले की त्या कौतुकाचा राग येत नाही.

माझ्या दृष्टीने या संचातली मोलाची गोष्ट म्हणजे दुसऱ्या तबकडीची रचना. तिच्यात एकाच रात्रीचा कार्यक्रम सलग दाखवलेला नाही. दौऱ्यात जी गाणी ज्या क्रमाने वाजत, त्याच क्रमाने प्रत्येक गाणे वेगळ्या शहरातले घेतलेले आहे. पहिले मुंबईचे, दुसरे मेलबर्नचे, तिसरे सिडनीचे, चौथे टोकियोचे, असे करत शेवटचे टोरांटोचे. संकलक म्हणून मला हे किती अवघड आहे ते कळते. प्रत्येक मैदानाची हवा वेगळी, प्रकाश वेगळा, कुठे उघडे आकाश तर कुठे छत, आणि तरीही मेलबर्नच्या टाळ्यांतून सिडनीचे गाणे सहज सुरू व्हावे लागते. कानाला सांधा जाणवत नाही आणि डोळ्यांना मात्र शहर बदललेले स्पष्ट दिसते. शहरांना अशी समान जागा देणारी दुसरी मेटल चित्रफीत माझ्या पाहण्यात नाही.

मुंबईच्या वाट्याला आलेले गाणे ‘एसेस हाय’ हे आहे. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी लढणाऱ्या ब्रिटिश वैमानिकाचे हे गाणे, आणि त्याच्या आधी विन्स्टन चर्चिल यांच्या ४ जून १९४० च्या भाषणातले शब्द त्यांच्याच आवाजात ऐकवले जातात. समुद्रकिनाऱ्यांवर लढू, शेतांत आणि रस्त्यांत लढू, शरण जाणार नाही, असे ते सुप्रसिद्ध शब्द आहेत. त्या रात्री तो आवाज मैदानावर घुमला तेव्हा हजारो मुलांनी आरोळी ठोकली, आणि त्यांत मीही होतो, कारण तो आवाज म्हणजे आता गाणे सुरू होणार याची खूण होती. पुढे घरी तीच वेळ पुन्हा अनुभवताना मात्र मी थांबलो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान हेच गृहस्थ होते, आणि स्वातंत्र्यानंतर साठ वर्षांनी आम्ही त्यांच्या आवाजाला आरोळी देत होतो. यात आम्हा प्रेक्षकांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. गाण्यातला वैमानिक हा जीव मुठीत धरून लढणारा साधा तरुण आहे आणि आमची दाद त्याला होती. पण ही गुंतागुंत खरी आहे, तिच्यावर कोणीतरी जाणत्या माणसाने मराठीत लिहायला हवे होते, आणि चित्रफीत उपलब्ध असल्यामुळेच आज मला ती पुन्हा तपासून पाहता येते. कार्यक्रमाच्या भरात हा विचार सुचणे शक्य नव्हते.

आता थोडे कारागिरीविषयी. या बँडचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस बास गिटार बोटांनी वाजवतो, तार छेडायच्या प्लास्टिकच्या छोट्या पट्टीने नाही. उजव्या हाताच्या बोटांतून तो घोड्याच्या दौडीची लय काढतो, एक लांब आणि दोन आखूड, पुन्हा एक लांब आणि दोन आखूड. आमच्या जुन्या कॅसेटमध्ये हा हात केवळ धूसर हलताना दिसे. या तबकडीवर कॅमेरा त्या हातावर येतो तेव्हा बोटे तारेवरून कशी निसटतात आणि पुन्हा तारेवर कशी येतात ते स्वच्छ दिसते. शिवाय या बँडमध्ये तीन गिटारवादक आहेत, आणि त्यांच्यातला डेव्ह मरे मुख्य सुरावट वाजवत असताना कॅमेरा दुसऱ्या, म्हणजे जॅनिक गर्सवर राहिला तर ज्याला गाणे ठाऊक आहे त्याची फसवणूक होते. आपल्याकडे ही चूक नेहमी होते. तबलजी तिहाई घेत असतो आणि कॅमेरा गायिकेच्या शालूवर खिळलेला असतो. मी स्वतः उमेदवारीच्या काळात अशा चुका केलेल्या आहेत, आणि संगीत न जाणणाऱ्याने संगीताचे चित्रीकरण करू नये हे मी त्यातूनच शिकलो.

आवाजाचे काम याहून नाजूक असते. मंचावरच्या प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळ्या मार्गिकेवर (ट्रॅकवर) मुद्रित होतो, आणि लोकांच्या आवाजासाठी वेगळे मायक्रोफोन लावावे लागतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्यामुळे मंचापासून ७० मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनपर्यंत ढोलाचा ठोका साधारण एक पंचमांश सेकंद उशिरा पोहोचतो. तो तसाच मिसळला तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो, म्हणून लोकांची मार्गिका नेमकी तेवढी अलीकडे ओढून बसवावी लागते. अनेक जण हा उपद्व्याप टाळण्यासाठी लोकांचा आवाज काढूनच टाकतात आणि गाण्याच्या शेवटी टाळ्या चिकटवतात. केव्हिन शर्ली यांनी मिश्रण केलेल्या या ध्वनिमुद्रणात तसे झालेले नाही. लोक गाण्याच्या आत आहेत, धृपद गाताना ऐकू येतात, आणि त्यांचे सूर कुठे घसरतात तेही ऐकू येते.

हे मी इतके तपशिलाने लिहितो आहे याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी नाट्यसंगीताची एक मैफल चित्रित केली. पहिल्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून गुडघ्यावर ताल धरत होते आणि समेवर येताना दर वेळी मोठ्याने ‘वाहवा’ म्हणत होते. आयोजकांनी मला सांगितले, की मध्येमध्ये येणारे आवाज काढून टाका आणि त्या आजोबांचे दृश्यही नको, चित्रफीत स्वच्छ हवी. मी पैसे घेतले होते, मी ते काढले. त्या मैफलीची ‘स्वच्छ’ प्रत आज मी पाहतो तेव्हा गायक एका रिकाम्या सभागृहात गात असल्यासारखा वाटतो. ज्या दादेमुळे त्याने ती तान पुन्हा घेतली, ती दादच तिथे नाही, त्यामुळे पुन्हा घेतलेली तान कारणाशिवाय आल्यासारखी ऐकू येते.

‘फ्लाइट ६६६’ने नेमके उलट केले. त्यातला बोगोटाचा भाग ज्याने पाहिला आहे त्याला तो विसरता येणार नाही. कार्यक्रम संपल्यावर एक तरुण उभा आहे, ढोलवादक निको मॅकब्रेनची काठी त्याच्या हाती लागलेली आहे, आणि तो रडतो आहे. कॅमेरा त्याच्यापासून दूर जात नाही आणि त्याला काही विचारतही नाही. चिलीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १९९२ मध्ये कॅथलिक चर्चच्या दबावामुळे तिथला या बँडचा कार्यक्रम रद्द झाला होता. २००८ मध्ये सांतियागोचे गाणे या तबकडीवर आले, आणि १० एप्रिल २०११ रोजी त्याच सांतियागोतल्या राष्ट्रीय स्टेडियमवर बँडने ‘एन विवो’ ही संपूर्ण कार्यक्रमाची स्वतंत्र चित्रफीत केली. १९७३ च्या लष्करी उठावानंतर याच स्टेडियममध्ये हजारो लोकांना डांबून ठेवण्यात आले होते. तिथे हजारो माणसे एका सुरात गाताना पाहणे हा केवळ करमणुकीचा विषय राहत नाही.

शीर्षकातल्या ६६६ या आकड्यामुळे आणि ‘एडी’ या त्यांच्या भेसूर चेहऱ्याच्या बोधचिन्हामुळे अनेक सज्जन माणसांना हे सैतानाचे संगीत वाटते, म्हणून त्याविषयी दोनच वाक्ये. कोकणात शिमग्याला काळा संकासुर अंगणात आला की लहान मुले आईच्या पदराआड लपतात आणि थोड्या वेळाने हसत त्याच्याच मागे धावतात, पण म्हणून कोकणी माणूस असुरांची पूजा करतो असे कोणी म्हणत नाही. एडीचे काम तेवढेच आहे, आणि जी मुले त्याच्यामागे धावली ती आज बँकांत, शाळांत आणि रुग्णालयांत जबाबदारीने नोकऱ्या करत आहेत.

या चित्रफितीवर एक रास्त आक्षेप घेता येतो, की ती बँडच्या सहकार्याने झालेली असल्यामुळे तिच्यात बँडविषयी कडू असे काही नाही. तो मला मान्य आहे. माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. मुंबईतले एकच गाणे त्यात आहे, आणि त्या रात्री वाजलेल्या उरलेल्या गाण्यांसाठी मला माझ्या आठवणीवर अवलंबून राहावे लागते. तरीही ते एक गाणे आहे, उत्तम प्रतीत आहे, आणि ‘मुंबई आता कुठे नकाशावर आली’ असे लिहिण्यापूर्वी ते पाहून घेणे प्रत्येक पत्रकाराला शक्य आहे. आपल्या वृत्तपत्रात दर आठवड्याला चित्रपटांची परीक्षणे येतात. मैफलींच्या चित्रफितींची, मग त्या मेटलच्या असोत की ख्याल गायकीच्या, परीक्षणे मात्र येत नाहीत, कारण त्यांना जाहिरात किंवा आठवणीची वस्तू समजले जाते. त्यांना दस्तऐवज मानून त्यांच्याविषयी लिहावे, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

दुसरी विनंती वाचकांना आहे. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरत असे आणि मुंबईचे अनेक बँड तिथे घडले. शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय असल्यामुळे, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आल्यानंतर, तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. आजाऱ्यांच्या उशाशी ते चालू राहावेत असे माझेही म्हणणे नाही. पण त्या उघड्या रंगमंचावरच्या रात्री कोणाकडे आहेत? १९९८ च्या सुमारास मी एका छायाचित्रकाराचा साहाय्यक म्हणून तिथे एका कॉलेज बँडचा पाऊण तासाचा कार्यक्रम चित्रित करायला गेलो होतो. शेवटच्या गाण्याला पाऊस सुरू झाला, आम्ही कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि बँड तसाच भिजत वाजवत राहिला. कॅसेट तेव्हा महाग होत्या. बँडच्या मुलांकडून पैसे आले नाहीत, म्हणून पुढच्याच आठवड्यात त्या कॅसेटवर एका लग्नाचे चित्रीकरण झाले. ती कॅसेट कॅमेऱ्यात मीच घातली होती, आणि मंगलाष्टके सुरू होण्यापूर्वी ती पुन्हा पहिल्यापासून गुंडाळली तीही मीच. त्या मुलांपैकी एकाने काही वर्षांनी मला गाठून प्रत मागितली तेव्हा मला त्याच्याकडे पाहवले नाही.

मुंबईच्या दमट हवेत व्हीएचएस टेपला पांढरी बुरशी धरते, आणि अशी टेप एकदा चालवली की यंत्राच्या डोक्याला चिकटून पुढची टेपही खराब करते. व्हीसीआर, म्हणजे व्हीएचएस चालवणारी यंत्रे, बनवणाऱ्या शेवटच्या उरलेल्या, जपानमधल्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे आज चालू असलेली यंत्रे बंद पडली की दुरुस्तीचे सुटे भागही मिळणे कठीण आहे. रंगभवनातल्या, महाविद्यालयांच्या महोत्सवांतल्या किंवा मुंबई, पुणे, गोव्यातल्या कोणत्याही बँडच्या कार्यक्रमाच्या कॅसेट ज्यांच्या माळ्यावर पडून असतील, त्यांनी त्या यंत्रात घालून पाहण्याचा मोह टाळावा. त्या प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह उभ्या ठेवाव्यात आणि जाणकाराकडून साफ करून घ्याव्यात. माझ्याकडे चालू स्थितीतले दोन व्हीसीआर आहेत. अशा कॅसेट मी कोणताही मोबदला न घेता संगणकावर उतरवून मूळ मालकाला परत देईन, लोकांच्या आरोळ्यांसकट. माझा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक या पत्रासोबत आपल्या कार्यालयात दिलेला आहे, विचारणा करणाऱ्यांना तो कृपया द्यावा.

आपला,
एक व्हिडिओ संकलक, डोंबिवली (पूर्व)